ईश्वरीला हाक मारू नका

आमच्या ईश्वरीला खाली दही आणायला पाठवलं की कुकर उतरतो, भात वाढला जातो, आमचं अर्धं जेवण होतं, तेव्हा ती वर येते. दही असतंच. शिवाय समोरच्या बिल्डिंगची लिफ्ट कुणी अडवून ठेवली, डेअरीवाल्याच्या मेहुण्याचं लग्न कशावरून मोडलं आणि थंडीत दही उशिरा का लागतं, हेही असतं.

"त्यांचं म्हणणं भांडं गार पडतं म्हणून," ती ताटावर बसता बसता सांगते. "मला ते अर्धंच पटलं."

"मग तसं सांगितलंस त्यांना?" स्वानंद विचारतो. स्वानंद म्हणजे तिचा बाबा.

"म्हणून तर उशीर झाला ना."

ही मुलगी यंदा बारावी झाली. आणि ज्या कॉलेजात तिची निवड झाली आहे तिथे संध्याकाळी सहा ते दहा कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा नियम आहे. ते तिला मानवेल का, हे ठरवायचं होतं. तिला विचारलं तर ती म्हणायची, "तुला काय वाटतं?" आणि मला दर तासाला वेगळं वाटत होतं.

कॉलेज कर्जतच्या पलीकडे डोंगरात आहे, विज्ञानाचं, चार वर्षं तिथेच राहून शिकायचं. वर्षाला साठच मुलं घेतात. परीक्षा झाली, मग मुलाखत. मुलाखतीत तिघा प्राध्यापकांनी शेवटी म्हटलं, तुला काही विचारायचंय का. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. पुढच्या मुलाचा नंबर बराच लांबला, तेव्हा स्वानंद म्हणाला, "विचारायला नको होतं त्यांनी."

निवड झाली म्हणून नातेवाइकांत पेढे वाटले. तोवर मला काही कळत नव्हतं. कळायला लागलं ते पालकांना कॉलेज दाखवायला बोलावलं तेव्हा. आम्हाला फिरवायला जाई नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. डोंबिवलीची, चटपटीत, पायात स्लिपर. वाचनालयात ती एकदम कुजबुजायला लागली. आत तीसेक मुलं होती आणि पंख्याखेरीज कशाचाही आवाज नव्हता. एका मुलीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, पण तिला आम्ही दिसलोच नाही असं मला वाटलं.

बाहेर आल्यावर मी जाईला विचारलं, "मुलांना जड जात नाही का गं?"

"काकू, पहिल्या वर्षी सगळे रडतात."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या वर्षी वेळ नसतो."

ईश्वरी खो खो हसली. मला हसू आलं नाही. साठातले किती शेवटपर्यंत टिकतात, असं मी विचारलं, तर जाईने चप्पल मातीत घासली आणि म्हणाली, "बरेच." हे 'बरेच' मी परत येताना गाडीत पनवेलपर्यंत मनात घोळवत होते.

दुसरा पर्याय वाशीचा. चांगलं कॉलेज आहे, बी.एस्सी. करता येईल, बसने जायचं-यायचं. तिची मैत्रीण उन्नती तिथेच जाणार आहे. आमच्या बिल्डिंगच्या मागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे तळवली गाव. उन्नती तिथली. घणसोलीत आम्ही राहायला आलो तेव्हा ईश्वरी बालवाडीत होती. तेव्हापासून तिचं निम्मं लहानपण उन्नतीच्या घरात गेलं. आगरी माणसं, एके काळी त्यांची इथे भातशेती होती, आता चाळीची भाडी येतात. उन्नतीची आजी सखूबाई ईश्वरीला खेकड्याच्या नांगीतलं मांस काढून देत असे आणि ही तिला, खेकडा तिरकाच का चालतो, ते विचारत असे. असं सगळीकडे. दिघ्याच्या रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत कुणाची मुलगी कितवीत आहे हे तिला पाठ. माणसं हेच तिचं पुस्तक आहे असं मला नेहमी वाटायचं. अशा मुलीला डोंगरात नेऊन गप्प बसवायचं?

स्वानंदला काळजी नव्हती. तो महाप्याला एका कारखान्यात डिझाइनचं काम करतो आणि घरी मोजकंच बोलतो. "तिला वाळवंटात सोडलीस तरी उंटाचं नाव विचारून येईल," तो म्हणाला.

"तिथे उंट असेल का, हाच प्रश्न आहे."

"मग नको पाठवू."

"असं कसं? एवढी निवड झालीय."

"मग पाठव."

मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं आहे. माहिती कमी पडत असेल तर आधी माहिती गोळा करावी, एवढं मला शिकवलेलं आहे. म्हणून मी ठरवलं की आधी घरी करून बघू. एक आठवडा घरातच ते कॉलेज. जाईने सांगितलं होतं तसंच. सकाळी आठला अभ्यासाला बसायचं, फोन कपाटात, जेवायला तेवढं बाहेर यायचं, सहा ते दहा पूर्ण शांतता. आठवडा संपला की लगेच जागा पक्की करायची मुदत होती, म्हणजे हिशोब बरोबर बसत होता.

ईश्वरीला कल्पना भयंकर आवडली. "म्हणजे एक्सपेरिमेंट! पण आई, कंट्रोल लागतो. दुसरं कुणीतरी तस्संच राहायला पाहिजे, अभ्यास सोडून. बाबाला ठेव."

"मी तसाही बोलत नाही," स्वानंद म्हणाला.

"म्हणूनच तू कंट्रोल."

अडचण घरातली नव्हतीच, बाहेरची होती. दिवसातून चार वेळा खालून "ईशूऽऽ" अशी हाक येते. कुणाला गॅसचा नंबर लावून हवा असतो, कुणाच्या मुलाचं गणित अडलेलं असतं, गणपतीच्या सजावटीची मीटिंग असते. म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'सर्वांना नम्र विनंती. या आठवड्यात कृपया ईश्वरीला हाक मारू नये, फोन करू नये, दारात येऊन बोलू नये. सहकार्याबद्दल आभारी आहे.' कारण लिहिलं नाही. अजून काही नक्की नव्हतं, आणि आमच्या सोसायटीत एकदा कॉलेजचं नाव लिहिलं की सगळ्यांची मतं येतात. पटापट अंगठे आले, हात जोडलेले आले. मी निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी हौसेराव काकांचा फोन. आवाज एकदम खाली. "वहिनी, मी काही विचारत नाही. घरातलं घरात राहील. फक्त मुलगा आपल्या सोसायटीतला आहे का बाहेरचा, एवढं सांगा."

"कोण मुलगा?"

"नका सांगू. बरोबर आहे. पण पोलिसांत वगैरे जायचं झालं तर सोसायटी तुमच्या मागे आहे."

त्यांची समजूत घालता घालता माझा चहा उकळून सांडला. मी सांगितलं, अहो, अभ्यास करतेय ती. ते म्हणाले, हो हो, तसंच सांगायचं. संध्याकाळी तळमजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये माझा हात दाबून म्हणाल्या, "कावीळच आहे ना? आमच्याकडे एक औषध मिळतं." बारावीचा निकाल चांगला लागला होता, सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे नापास झाली एवढंच कुणी म्हटलं नाही.

हे सगळं चालू असताना ईश्वरी काय करत होती? पहिला दिवस तिने येरझाऱ्या घातल्या. पाणी प्यायला इतक्या वेळा बाहेर आली की तिला मूत्रपिंडाचा त्रास आहे की काय असं वाटावं. कपाटाकडे बघायची, कपाटात फोन होता. खालून हाक आली नाही, तर कान टवकारून बसायची. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं, वाशी. मन हलकं झालं, आणि लगेच वाईटही वाटलं.

मग पुढे ती खिडकीशी बसायला लागली. तिच्या खोलीच्या खिडकीतून नाला दिसतो. खाडीला भरती आली की त्यातलं पाणी उलटं वाहतं, गावाकडे. थर्माकोलचे तुकडे आणि बाटल्या खाडीकडे जाता जाता थांबतात आणि परत फिरतात. हे ती लहानपणापासून बघते. पण भरती पूर्ण झाल्यावरसुद्धा पाणी काही वेळ उलटंच जात राहतं, आणि हा वेळ रोज सारखा का नसतो, हे तिला कुणी सांगू शकलं नव्हतं. तळवलीतल्या म्हाताऱ्यांना विचारून झालं होतं, खाडीचं पाणी अडवणारं नाल्याचं गेट बघणाऱ्या माणसालाही. आता विचारायला कुणी नव्हतं, म्हणून ती स्वतःच मांडायला बसली. कागद, बारावीचं फिजिक्सचं पुस्तक, खिडकी. जेवायला हाक मारली तर "हं" यायचं आणि ती यायची नाही. एकदा मी पोहे ठेवून आले, ते तसेच गार झाले. ईश्वरीने पोहे सोडले, ही आमच्या घरातली ऐतिहासिक घटना आहे.

मी दारात उभी राहून विचारलं, "काय चाललंय गं?"

तिने मागे न बघता एक बोट वर केलं. थांब.

सतरा वर्षांत तिने मला असं कधी गप्प केलं नव्हतं. मी उलट्या पावली स्वयंपाकघरात आले. मला अभिमान वाटला का? वाटला. राग आला का? आलाच. खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. ही गप्प बसूच शकणार नाही, म्हणून मी घाबरले होते. आता बसली, तर ही कोण, असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली, ती नियमात बसत नव्हती. तिच्या दाराबाहेर उभी राहून माझ्या बहिणीशी फोनवर मोठ्याने बोलले. "अगं, पाचव्या मजल्यावरच्यांनी कुत्र्याची दोन पिल्लं आणलीत! एवढीएवढीशी! एकाचा कान वाकडा आहे!" पिल्लं खरीच आणली होती. आतून काहीच नाही. खुर्चीसुद्धा सरकली नाही. बहीण पलीकडून म्हणत होती, "अगं ओरडतेस काय? मला ऐकू येतंय."

स्वानंद सोफ्यावर पेपर वाचत होता. त्याने मला इशारा केला, काय चाललंय तुझं? कंट्रोल असल्यामुळे तो बोलला नाही.

त्याच संध्याकाळी सहाला सखूबाई आल्या, मागे उन्नती. सखूबाईंच्या हातात कागदाची पुडी होती. उन्नती ओशाळून म्हणाली, "काकू, तुमच्या वॉचमनने सांगितलं ग्रुपवरचं, मी हिलाही सांगितलं, तर ऐकतच नाही."

"काय गो, काय केलास पोरीला?" सखूबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या. "काल खिरकीत उभी होती. मी नाल्यापल्यारशी हाका मारल्या, तं नुसता हात हालवला. बोलं नाय का हासं नाय! नजर लागली हाय तिला कोनाची तरी."

"तसं नाही हो आजी. ती शांत बसायचा सराव करतेय."

"कशाला?"

नवीन कॉलेजात बोलायचं नसतं म्हणून, असं मी म्हटलं. सखूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नजर मलाच लागली असावी.

"बोलाचा नाय ना तिनं? नको बोलू. मी बी बोलत नाय," असं म्हणून त्या सरळ आत गेल्या. ईश्वरी खुर्चीवरून उठली, आजींना पाहून तोंडभर हसली, आणि शांततेची वेळ असल्यामुळे तोंडावर बोट ठेवून परत बसली. सखूबाईंनी पुडी सोडली. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या. मुठीत धरून तिच्यावरून उतरवल्या, ओठातल्या ओठात काही पुटपुटल्या, मग ओट्यापाशी येऊन मला तवा तापवायला लावला आणि सगळं त्यावर टाकलं. क्षणात घर भरलं. मी खोकले, उन्नती खोकली, स्वानंद बाल्कनीत पळाला, आतून ईश्वरीचं खोकणं आणि हसणं एकत्रच ऐकू आलं.

मिरचीचा ठसका लागला नाही तर नजर होती असं समजतात. इथे तर शेजारच्या फ्लॅटमध्येही लागला.

सखूबाई डोळे पुसत खुर्चीवर टेकल्या. त्याही गोंधळल्या होत्या. "नजर बिजर कायच नाय," त्या म्हणाल्या. "मंग बोलं का नाय?"

मी त्यांना चहा दिला. आम्ही दोघी मुकाट्याने चहा प्यायलो, आणि दोघींच्या मनात एकच प्रश्न होता.

आठवडा संपला. रविवारी सकाळी ईश्वरी खोलीतून बाहेर आली आणि बोलायला लागली. नाला, भरती, गेट, उतार, अमावस्या. मी पोळ्या लाटत होते, तिने मला लाटणं खाली ठेवायला लावलं. मला त्यातलं निम्मं कळलं.

"बरं, पण कसं वाटलं तुला?" मी विचारलं. "तिथे राहू शकशील?"

"बसायला आवडलं. इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. पण काल मला एक गोष्ट सुचली ना, तेव्हा मला इतकं सांगायचं होतं कुणालातरी, की मी आरशात सांगितलं. मग रडू आलं."

"रडलीस? मला का नाही बोलावलंस?"

"तुला कळलं नसतं, आई."

तिने ते दुखावायला म्हटलं नव्हतं. खरंच होतं ते. पण म्हणजे माझा प्रयोग सपशेल फसला होता, हे मला तिथे पिठाच्या हातांनी उभं असताना कळलं. कॉलेजात ती एकटी बसणार नव्हती, एकोणसाठ जण असणार होते. ते मी घरात कुठून आणणार होते? मी फक्त शांतता आणली होती, आणि ग्रुपवर लिहून सगळी सोसायटी तेवढी बंद केली होती.

मग ईश्वरीने जाईला फोन लावला, स्पीकरवर. सुरुवातीला मीच बोलले. "दहा वाजल्यानंतर मुलं बोलतात का गं एकमेकांशी?"

"बोलतात? काकू, वॉर्डन ओरडायला येतात."

"आणि तुला कधी वाटलं नाही सोडावंसं?"

जाई म्हणाली, "वाटलं ना. पहिल्या वर्षी बॅग भरली होती. मग शनिवारी मेसमध्ये मिसळ होती, म्हटलं खाऊन जाऊ. मग एकाशी भांडण झालं, इलेक्ट्रिक फील्डवरून. ते संपेपर्यंत सोमवार आला."

"म्हणजे आता बरं वाटतं?"

"कधी कधी. माझी रूममेट गेली सोडून. ती माझ्यापेक्षा हुशार होती. सगळ्यांशी बोलायची, तुमच्या ईश्वरीसारखीच. ती का गेली आणि मी का राहिले, मला खरंच नाही सांगता येणार."

खोटं बोलली असती तर किती बरं झालं असतं. तेवढ्यात ईश्वरीने फोन ओढून घेतला आणि नाल्याचं सांगायला लागली. जाईने ऐकलं आणि मध्येच म्हणाली, "चूक."

"काय चूक?"

"गेटमुळे नाहीच होत ते. गेट नसतं तरी झालं असतं."

"कसं काय?"

दोघी भांडायला लागल्या. ईश्वरी उभी राहिली, मग टेबलावर चढून बसली. तिला आमच्याकडे कुणी असं तोडून चूक म्हणत नाही, सगळे कौतुकाने ऐकतात. ती लाल झाली होती, हातवारे करत होती, एकदा हरली तेव्हा कपाळावर हात मारून इतकी हसली की स्वानंद आतून बाहेर आला. असं हसताना मी तिला उन्नतीबरोबर पाहिलं आहे. पण हे थोडं वेगळं होतं, आणि काय वेगळं ते मला अजून सांगता येत नाही.

तोच मुदतीचा शेवटचा दिवस होता. दुपारी आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो. पालकाने संमती द्यायची होती, म्हणून माउस माझ्या हातात.

"तुला काय वाटतं?" ईश्वरीने विचारलं.

"मला माहीत नाही, ईशू. खरंच नाही. तू गप्प बसलीस तेव्हा वाटलं पाठवू नये, आणि जाईशी भांडलीस तेव्हा वाटलं पाठवावं. ती रूममेट आठवली की परत नको वाटतं."

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "पण वाशीला गेले तर काय होईल ते मला माहितीये. दाब."

मी स्वानंदकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला वाटतं, तिने सांगितलंय."

मी दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. स्वानंदने पेढ्यांचं विचारलं, मी म्हटलं, आधी एकदा वाटलेत. आणि ईश्वरी, जी रिक्षावाल्याच्या मुलीच्या निकालालासुद्धा नाचते, ती उठून तिच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"अगं, रद्द करता येतं अजून," मी घाबरून म्हणाले. "संध्याकाळपर्यंत येतं. करू का?"

"नको. रद्द नको करू."

"मग रडतेस का?"

"उन्नतीला काय सांगू?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

मला वाटलं, जवळ घेऊन काहीतरी सांगावं. सुट्टीला येशील, कर्जत काही लांब नाही, उन्नती येईल तुला भेटायला. सगळं खरंच होतं. तोंड उघडलं, आणि वाटलं, ही वेळ बोलायची आहे की गप्प बसायची, हेही मला आता कळत नाही. मी पलंगाच्या कडेला बसले. तिने न बघता हात मागे केला आणि माझा पदर मुठीत धरला. आम्ही तशाच बसून राहिलो, तिचं रडणं थांबेपर्यंत, आणि ते थांबायला बराच वेळ लागला.